चतुराच्या पंखावरचा ठिपका

माईंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. माई म्हणजे माझ्या मैत्रिणीची, शैलाची सासू. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत. नव्वदीकडे झुकलेल्या त्या बाईचं मोबाइलशी पटत नाही आणि मोबाइलचंही त्यांच्याशी पटत नाही. त्या बोलायला लागल्या की त्यांच्या गालानेच तो बंद होतो. त्या दिवशी मात्र झाला नाही. "कुमुद, तू ये," त्या म्हणाल्या. "शैलाले कवाची उठवून राहिली मी... उठत नाही." आवाज अगदी रोजचा, दूधवाला आला नाही असं सांगावं तसा. मी शेंगा तिथेच टाकल्या, रिक्षा केली आणि मानेवाड्याहून हुडकेश्वरला पोचेपर्यंत स्वतःला समजावत राहिले की म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरायची सवय असते. शैलाच्या अंगावरची गोधडी नीट होती, चष्मा मिटून उशाशी ठेवलेला होता. शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, म्हणाले. माई पायथ्याशी बसून तिचे तळपाय चोळत होत्या आणि कुणी थांबवलं तरी थांबत नव्हत्या. मला रडू नंतर आलं, आधी आला तो राग. छातीत जळजळतं म्हणून ही बाई कितीतरी दिवस सोड्याचं पाणी पीत होती, आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "थांब वं, आधी हे पंख्याखाली उडू दे."

'हे' म्हणजे काय ते सांगायला हवं. शैला एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवायची, आणि उरलेल्या वेळात, खरं म्हणजे त्याही वेळात, उडणारे किडे बनवायची. यंत्राचे किडे. तळहातावर मावतील असे छोटे रोबो, ज्यांना फिरणारी पाती नसतात, पंख असतात. ते पंख फडफडवून ते उडतात, निदान उडावेत अशी अपेक्षा असते. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. एके दिवशी ती माझ्याकडे किड्यांवरचं पुस्तक मागायला आली. मी म्हटलं, "मॅडम, हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. इथे किड्यांवर पुस्तकं नाहीत, पुस्तकांत किडे आहेत. कसर हवी असेल तर मागच्या कपाटात भरपूर मिळेल." दुसरी कुणी असती तर तक्रार घेऊन थेट प्राचार्यांकडे गेली असती. ही मागच्या कपाटाकडे गेली आणि खरोखरच एक कसर रुमालात पकडून घेऊन आली. "हिले पंख नाही," म्हणाली. "पंखवाली दाखव." त्या दिवसापासून आमचं जे जमलं ते जमलंच.

शैला मूळची काटोलकडच्या एका गावची. वडिलांची संत्र्याची बाग, बागेत विहीर आणि विहिरीवर भिरभिरणारे चतुर. गावातली पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून खेळायची, तशी हीही खेळली. बाकीच्यांना तो पळतो याची गंमत वाटायची, हिला तो थांबतो याचं वेड लागलं. "दोरा संपला का तो ताण घेऊन जागच्या जागी उभा राहे," ती सांगायची. "घार थांबते तं वाऱ्यावर थांबते. हा वारा नसतानाही थांबे. मले तवापासून उडण्याचं काही नाही वं... मले ते थांबणं पाहिजे." लग्न होऊन ती नागपुरात आली. नवरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तोच कामावरून येताना रस्त्यावर अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे गाडी घेऊन न्यायला आले होते. सासूला एकटं टाकून जायचं नाही म्हणून शैला राहिली, असं सगळे सांगतात. माई सांगतात, तिच्या तारा, बॅटऱ्या आणि डब्यातले मेलेले किडे त्या गाडीत मावलेच नाहीत म्हणून राहिली. दोन्ही खरं असावं.

अशा त्या दोघी, एका घरात दोन विधवा, एकमेकींना धरून राहिल्या. पटायचं नाही ते फक्त देवाच्या बाबतीत. माईंचे सोमवार, चतुर्थ्या, नवरात्रातले उपवास यांतून कधी सुटका नसायची. शैला देव्हाऱ्यासमोर हात जोडायची ते केवळ माई दारात वाट अडवून उभ्या असायच्या म्हणून. यावरून दोघींचं जे बोलणं चालायचं ते ऐकायला मी मुद्दाम रविवारी जायचे. "तुमचा देव किती वजनाचा आहे माई, मोजून पाहू का?" असं ही म्हणायची, आणि माई म्हणायच्या, "तुह्या काट्यावर मावन इतका लहान असता तं मी कायले पूजा केली असती?"

शैलाची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची एक जुनी भांडारखोली. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवलेले, दाराखाली जुनी चादर सरकवलेली. वाऱ्याची झुळूक आत यायला नको, कारण ते यंत्र एखाद्या बिस्किटाहून हलकं. कुणी जवळ शिंकलं तरी भरकटायचं. आता नागपूर, मे महिना, बंद खोली, आणि पंखा नाही की कूलर नाही... विद्यार्थी त्या खोलीला 'भट्टी' म्हणत आणि मी शैलाला तोंडावर वेडी म्हणत असे. तरी जायचे. पर्समध्ये कांदा आणि डोक्यावर ओला टॉवेल घेऊन आम्ही बसायचो, आणि ती मला शिकवायची, जणू माझी उद्या परीक्षा आहे. चिमटीत मावणारी मोटर, तिच्याहून लहान दातेरी चाकं, खराट्याच्या काडीपेक्षा बारीक अशा कार्बनच्या काळ्या काड्या आणि त्यांवर ताणून चिकटवलेला पारदर्शक पडदा. असे चार पंख, चतुराला असतात तसे, दोन पुढे दोन मागे. मी एकदा विचारलं, "लग्नात फोटो काढत घिरट्या घालतात त्या ड्रोनसारखी पाती का नाही लावत? सुटशील तरी." ती म्हणाली, "ते मोठ्यायसाठी ठीक आहे. यंत्र जितकं लहान होत जाते तितकी पाती वाया जाते. अन् पाती कशाले धडकली का तुटते, नाही तं तुलेच कापते. चतुर खिडकीच्या पडद्यावर आपटते, पुन्हा उडते, कोणाचं काही बिघडत नाही. मले असं पाहिजे का घरात उडलं तरी माणसानं भेऊ नये." उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखाच्या हाती कमी लागते, हेही मला तिच्याचकडून कळलं. तोवर मला वाटायचं, मे महिन्यात जीव नकोसा होतो तो फक्त माणसांना.

तिचं सगळं आयुष्य वजन कमी करण्यात गेलं... स्वतःचं सोडून, असं मी तिला चिडवायचे. गोंदाचा थेंब जास्त पडला तर ती ब्लेडने खरवडून काढायची. काडीला टाचणीने भोकं पाडायची. घरातली बाई तेलाच्या बुधलीला शेवटपर्यंत निथळत ठेवते, त्याच चिकाटीने. आणि तरीही ते यंत्र थांबत नव्हतं. वर जायचं, पुढे जायचं, पण हवेत एका जागी उभं राहायला पंखांचा वेग वाढवला की पंखांची टोकं थरथरू लागायची. फडफडणं वेगळं आणि थरथरणं वेगळं, हे तिने मला कान जवळ नेऊन ऐकवलं होतं. फडफडण्याचा आवाज एकसारखा, भुंग्याचा असतो तसा. थरथर सुरू झाली की त्यात एक फाटका आवाज मिसळायचा, आणि पाठोपाठ ते यंत्र तिरकं होऊन खाली गादीवर पडायचं. तिने पडदा बदलला, काड्या बदलल्या, सांधे बदलले. थरथर गेली नाही. त्यातच संस्थेने कळवलं की परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा अपुरी पडते आहे. दिवाळीच्या आत मॅडमनी यंत्र हवेत उभं करून दाखवावं, नाहीतर खोली मोकळी करून द्यावी. शैलाने ते मला फार शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "ते खोली गेली तं मी कुठं जाऊ वं? घरी कूलर लागते माईले."

त्या वर्षीच्या नवरात्रात ती यंत्र घरी घेऊन यायची. कॉलेजला सुट्या होत्या आणि दिवस भरभर जात होते. खंडेनवमीला मी त्यांच्याकडे जेवायला होते. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं पाटावर मांडायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्यालाही विसावा हवा म्हणून. माईंनी विळी मांडली, कात्री मांडली, शैलाचे पेचकस मांडले, तारा झाळायची सळी मांडली, बाहेर स्कूटरला झेंडूचा हार घातला. शैला आत पुऱ्या तळत होती. मी देव्हाऱ्याशी आले तर माईंच्या तळहातावर ते यंत्र, आणि त्या त्याच्याकडे वाकून बघतायत. "इचं कपाळ कुठं आहे, कुमुद?" त्यांनी विचारलं. "माई, त्याला नका लावू," मी म्हणेपर्यंत त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू अनामिकेने लावूनही टाकलं होतं. कपाळ सापडलं नाही म्हणून चारही पंखांच्या टोकांशी, पुढच्या काडीवर, एकेक बोट. शैला झारा हातात घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्या पंखावर तिने गोंदाचा जास्तीचा थेंब कधी राहू दिला नव्हता, त्यावर लालभडक ओले ठिपके. "माई, हे काय केलं?" एवढंच ती बोलली. माई जरा ओशाळल्या. मग म्हणाल्या, "तुह्या कपाळी नाही, माह्या कपाळी नाही. इच्या तरी असू दे, बाई." सणाच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून पुसायचीही सोय नव्हती. ती आत गेली, आणि त्या दिवशीच्या पुऱ्या थोड्या करपल्या.

दसऱ्याला दुपारी तिचा मला फोन आला. "ये. अन् आल्यावर काही बोलू नको, फक्त पाह्य." मी गेले. समोरच्या खोलीतला कूलर बंद, खिडक्या बंद, माई पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या. शैलाने ते यंत्र चालू केलं. झालं होतं असं, की पुसण्याआधी किती बिघडलंय ते बघू म्हणून तिने ते सकाळी उडवून पाहिलं होतं. आता माझ्यासमोर ते वर गेलं, आणि खोलीच्या मध्यभागी, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, थांबलं. फाटका आवाज नव्हता. कुंकवाचे चार ठिपके हवेत लाल रेघांसारखे दिसत होते. मला श्वास सोडायची भीती वाटली. माईंनी हात जोडले. शैलाने मात्र यंत्र खाली उतरवलं, कापसाला रॉकेल लावून कुंकू पार पुसून काढलं आणि पुन्हा उडवलं. थरथर. गादीवर. मग ती माझ्याकडे वळली. "तुह्या पर्समध्ये नखाचा रंग आहे ना? दे." तेवढाच थेंब, त्याच जागी, चारही पंखांवर. यंत्र वर गेलं आणि थांबलं. रंग काढला, थरथरलं. पंखाच्या मधोमध लावला, थरथरलं. पुन्हा टोकाशी, पुढच्या काडीवर लावला, थांबलं. हे ती किती वेळ करत होती देव जाणे. माझा चहा गार झाला, माईंचा एक डुलका झाला.

मग तिने कपाटातून तिचा तो डबा काढला. त्यात सक्करदऱ्याच्या तलावाकाठी मरून पडलेले चतुर ती गोळा करून ठेवायची. एकाचा पंख तिने उजेडात धरला. काचेसारखा स्वच्छ पंख, आणि टोकाजवळ, अगदी पुढच्या काठावर, एक काळपट ठिपका. कुणी पेनाने टेकवल्यासारखा. चतुर आपण सगळ्यांनी पाहिलाय, तो ठिपकाही पाहिलाय. मी तरी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. "हा ठिपका जड असते," ती म्हणाली. "पंखाचं टोक थरथरू नये म्हणून पुढच्या काठावर टाकलेलं वजन आहे हे. मी वाचलं होतं वं, कुमुद! कवाच वाचलं होतं. पण लिहिणाऱ्यानं ते पंख पसरून तरंगणाऱ्या चतुराबद्दल लिहिलं होतं. मी म्हटलं, आपल्याले फडफडवाचं आहे, आपल्याले कायले पाहिजे? अन् वजन वाढते, म्हणून सोडून दिलं. सगळं घेतलं त्याच्यापासून... एवढंच तेवढं सोडलं." ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला मी इतकी आनंदात पुन्हा कधी पाहिली नाही. चूक सापडल्यावर एवढा आनंद होणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

माई जाग्या झाल्यावर तिने त्यांनाही तो पंख दाखवला. "माई, तुमच्या कुंकवानं नाही थांबलं ते. वजनानं थांबलं. हे पाहा, ह्याच्या पंखावर पहिलेपासूनच आहे. मीच सोडून दिलं होतं." माईंनी चष्मा लावून पंख निरखला. "बरं," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण वजन तं कुंकवाचंच होतं ना?" शैला खळखळून हसली. "ते खरं," म्हणाली. दोघींनी आपापलं जिंकलेलं घेतलं आणि सोनं वाटायला मंदिराकडे निघाल्या.

दिवाळीच्या आधी संस्थेचे लोक भट्टीत येऊन बसले, घामाने भिजले, आणि यंत्र त्यांच्यासमोर हवेत उभं राहिलं. टाळ्या पडल्या, खोली वाचली. कुणीतरी विचारलं, शेवटी जमलं कसं? शैलाला लपवाछपवी माहीतच नव्हती. तिने सगळं सांगितलं, कुंकवासकट. आणि तिथेच घोटाळा झाला. सचिवसाहेब भाविक माणूस, मनाने चांगले. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ग्रंथालयातून बोलावून संस्थेच्या स्मरणिकेसाठी मजकूर दाखवला: नवमीचं कुंकू लागलं आणि यंत्राच्या पंखांत देवीने बळ भरलं. खाली शैलाचा फोटो. मी तो कागद तिला नेऊन दिला, आणि ती तशीच त्यांच्या खोलीत गेली. मी दारात उभी होते. "सर, हे छापू नका," ती म्हणाली. "छापाचं असन तं असं छापा का बाई चुकली होती." साहेब हसले. "मॅडम, चूक कशाला छापायची? लोकांना आवडेल असं काही द्यावं. आणि कुंकवाची गोष्ट खोटी थोडीच आहे?" ती म्हणाली, "गोष्ट खरी आहे. कारण खोटं आहे. हे वाचून उद्या एखादी पोरगी यंत्राले कुंकू लावीन अन् चतुराकडं पाहणारच नाही." तिने फोटो परत मागून घेतला. मजकूर छापला गेला नाही. खोली तिच्याकडेच राहिली, मात्र त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात तिला व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही.

छापलं नाही म्हणून गोष्ट थांबते थोडीच? पाहता पाहता ती सगळीकडे पसरली. लग्नात, बँकेत, भाजीवाल्याकडे कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही त्या कुंकूवाल्या मॅडम ना?" आणि शैला हातातली पिशवी खाली ठेवून समजावू लागायची. चतुर पाहिला आहे का, त्याच्या पंखावर एक ठिपका असतो, तो मी सोडून दिला होता, माझी चूक झाली होती... भेंडीचे भाव बाजूला राहायचे, मागे रांग खोळंबायची. मला लाज वाटायची आणि कंटाळाही यायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "शैला, सोड ना आता. म्हणू दे लोकांना. देवी म्हटलं काय, वजन म्हटलं काय, यंत्र तर उडालं ना?" ती रस्त्यातच थांबली. "तुले नाही समजत," म्हणाली. "यंत्र उद्या दुसरं कोणी याच्याहून चांगलं बनवीन. बनवावंच. माझं असं त्यात काय आहे? मी एक गोष्ट चुकली अन् मीच ती पकडली, एवढंच माझं आहे. ते देवीले देऊन टाकलं तं माझ्यापाशी काय राहिलं?" नंतर मी पुन्हा कधी हा विषय काढला नाही, आणि ती समजावत असली की पिशव्या सांभाळत बाजूला उभी राहायचे.

निवृत्तीनंतरही तिला भट्टीत जायची मुभा होती. गेली दोन-तीन वर्षं तिला एकच ध्यास होता. वारा कोंडून ठेवलेल्या खोलीत थांबतं त्याला काय अर्थ आहे, चतुर तर वाऱ्यातही थांबतो. तेव्हा यंत्र चालत्या पंख्याखाली थांबलं पाहिजे. मी तिला शेवटची भेटले ती तिथेच. थंडीचे दिवस, आणि ही पंखा लावून बसलेली. मी शाल गुंडाळून बसले आणि कुरकुरले, की उन्हाळ्यात पंखा बंद आणि हिवाळ्यात चालू, हे कसलं शास्त्र? यंत्र वर गेलं, वाऱ्याने ढकललं, सावरलं, पुन्हा ढकललं गेलं आणि माझ्या खांद्यावर येऊन आपटलं. काही लागलं नाही. पाखरू चुकून अंगावर बसावं तेवढंच. "बसलं ते तुह्यावर," ती म्हणाली. "जमन, हेही जमन. अजून थोडंसं राहिलं आहे." निघताना तिने छातीवरून हात फिरवला, मी पाहिलं, आणि ती सोड्याच्या पाण्याचं सांगू लागली. यावर मी आणखी लिहीत नाही.

तेरवी झाल्यावर कॉलेजने शोकसभा ठेवली. माईंना नेऊ नये असं सगळ्यांचं मत होतं, पण त्या पांढरं लुगडं नेसून, काठी घेऊन तयारच बसल्या होत्या. आम्ही पुढच्या रांगेत बसलो. शैलाच्या फोटोला हार घातलेला होता. प्राचार्य बोलले, जुने विद्यार्थी बोलले, सगळे चांगलं बोलले. मग सचिवसाहेब उठले. तेही आता थकलेत. त्यांनी शैलाची जिद्द सांगितली, एकटीने काढलेलं आयुष्य सांगितलं, आणि मला भीती होती तिथे ते आलेच. "...विज्ञान थकलं होतं. आणि मग नवमीच्या दिवशी ह्या माउलीने," त्यांनी माईंकडे हात केला, "त्या यंत्राला कुंकू लावलं, आणि त्याच्या पंखांत देवी उतरली." सभागृहात कुणी कुणी डोळे पुसले. खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून बोलावंसं वाटत होतं, पण मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर, रडणाऱ्या माणसांत, वजनाचं कसं बोलायचं? आणि बोलायचं तर ते माईंच्या तोंडावर, ज्यांना सगळं सभागृह हात जोडत होतं. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर माईंचा हात आला. "मले उठव," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना बाहेर जायचं असेल. त्या काठीवर रेलून उभ्या राहिल्या आणि सरळ साहेबांकडे पाहून बोलू लागल्या. "साहेब, तुमी चांगलं बोलले. पण तसं नाही झालं. माह्या कुंकवानं नाही थांबलं ते. वजनानं थांबलं. चतुराच्या पंखावर काळा ठिपका असते, तो शैलानं सोडून देल्ला होता. तिची चूक होती. मंग तिनंच ते पकडली. कुंकू पुसून पाह्यलं, नखाचा रंग लावून पाह्यला... मी तितंच बसून होती. तुमी उद्या कुठं सांगसान, तं असं सांगा." इतकं बोलून त्यांना धाप लागली. साहेबांनी मान खाली घातली, मग हात जोडले. माई बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

परतताना रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले होते. म्हटलं, "माई, बरं केलंत. म्हणजे तुम्हालाही पटलं तर, वजनाचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी काहीतरी बावळटासारखं विचारल्यासारखं. "कायचं वजन वं," म्हणाल्या. "देवीच होती ते. मले तवाही ठाव होतं, आताही आहे." मी म्हटलं, "मग तिथे सगळ्यांसमोर...?" "तिले नसतं आवडलं," म्हणाल्या. "इतके दिवस तेच सांगे सगळ्यायले. आता शैला नाही... मंग मलेच सांगा लागते."

मला जे रडू आलं ते मी आवरलं नाही. रिक्षावाला तरुण होता, बिचारा गोंधळला, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने आरशातून विचारलं, "आजी, कोणत्या देवीचं सांगून राहिल्या? कोराडीच्या का?" माई काठी सरकवून पुढे झुकल्या, त्याच्या सीटला हात टेकला. "देवी-बिवी काही नाही गा, बाबू. तू चतुर पाह्यला का कधी? त्याच्या पंखावर एक ठिपका असते. तो माह्या सुनेनं सोडून देल्ला होता, चूक झाली होती तिची... ऐकून राहिला का?"